बुडालेल्या गावांचे वाङ्मय

पावसाळा सरत आला म्हणजे पुण्याकडची कुटुंबे मुळशीच्या वाटेस लागतात. ताम्हिणीचा घाट, दोहों अंगांनी कोसळणारे ओहोळ, भाताची पोपटी खाचरे आणि त्या सर्वांच्या मध्ये पसरलेले ते विस्तीर्ण, शांत पाणी पाहून निसर्गाच्या औदार्याविषयी चार शब्द न बोलणारा मनुष्य विरळा. आम्हीही ते बोललो आहोत. परंतु हा उद्गार अर्धाच खरा आहे. डोंगर निसर्गाने दिले, पाऊसही त्यानेच दिला. पाणी मात्र तेथे मनुष्याने अडविले, आणि ज्यांच्या जमिनीवर ते अडविले त्यांनी ते आपखुषीने अडवू दिलेले नाही. त्या पाण्याखाली गावे आहेत. ही गोष्ट सुशिक्षित मराठी माणसास ठाऊक नाही असे नव्हे. ठाऊक असूनही तळ्याकडे पाहताना ती आठवत नाही, एवढेच. ती का आठवत नाही, आणि आठवावयास लावण्याचे जे वाङ्मयाचे काम ते आपल्या वाङ्मयाने कितपत केले, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम हकीकत सांगणे प्राप्त आहे. मुंबईच्या गिरण्यांस कोळशाऐवजी विजेचे बळ मिळावे म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी साठवून ते कोकणात उतरवावयाचे, ही टाटांची कल्पना. तिचा पहिला अवतार लोणावळ्याजवळ झाला आणि १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली. त्यानंतर आंध्रा नदीचे खोरे, आणि त्यानंतर नीळा व मुळा या नद्यांचा संगम, म्हणजेच मुळशी. १९१९ साली यासाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. बुडणाऱ्या गावांची संख्या पन्नासाच्या आसपास होती. जमीन भाताची, आंबेमोहोराची, माणसे मावळची. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीचा मुहूर्त साधून, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. सरकारने भूमिसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पुण्यातील पुढारी मंडळीत मतभेद होऊन एका पक्षास 'भरपूर मोबदला' हाच व्यवहार्य मार्ग दिसू लागला. पांडुरंग महादेव बापट यांस तो दिसला नाही. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा त्यांनी अक्षरशः घेतली, 'सेनापती' ही पदवी त्यांस तेथेच मिळाली, आणि अहिंसेची मर्यादा ओलांडून कामाची आगगाडी अडविल्याबद्दल दीर्घ कारावासही त्यांनी भोगला. १९२४ च्या अखेरीस लढा संपल्यासारखा झाला. १९२७ पासून मुळशीचे पाणी दीड हजार फुटांहून अधिक खाली, भिऱ्याच्या वीजगृहावर पडू लागले. पूर्वेकडे भीमेस मिळावयाचे ते पाणी तेव्हापासून कुंडलिकेच्या वाटेने पश्चिम समुद्रास मिळत आले आहे.

हकीकत येथे संपते. आमचा विषय तिच्या पोटात आहे.

ज्या कायद्याने ही जमीन घेतली तो १८९४ चा. २०१३ साली नवा कायदा होऊन तो रद्द झाला. म्हणजे एकशे वीस वर्षे तो या देशावर चालला, आणि स्वराज्य आल्यावरही सहासष्ट वर्षे चालला. या कायद्याची दोन कलमे साहित्याच्या अभ्यासकाने वाचण्यासारखी आहेत, असे आम्ही म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. तेविसावे कलम सांगते की जमिनीच्या बाजारभावावर, ती सक्तीने घेतली जाते म्हणून, शेकडा १५ अधिक द्यावे. चोविसावे कलम सांगते की मोबदला ठरविताना कोणकोणत्या गोष्टी मुळीच विचारात घेऊ नयेत. आणि त्यांत दुसरी गोष्ट अशी की, जमीन सोडून देण्याविषयी मालकाची जी नाखुषी असेल ती हिशेबात धरू नये. सक्तीची किंमत शेकडा १५, आणि नाखुषीची किंमत शून्य! ज्याने हे कलम लिहिले त्या कायदेपंडितावर आमचा राग नाही. नाखुषीस भाव नसतो, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. पण मग प्रश्न उरतो की, ती नाखुषी नोंदवावयाची कोठे? बापाने दगड वेचून केलेले खाचर, विहिरीवरचा उंबर, सासरी आलेल्या मुलीने पहिल्या दिवशी पाणी भरले तो पाणवठा, आजोबांस ठेवले ती मसणवट, यांविषयीचे जे मन, त्याचे दप्तर कोणते? कचेरीने तर ते नाकारले. ते दप्तर वाङ्मयाचे आहे. गांधीजींनी १९२१ साली 'यंग इंडिया'त मुळशीविषयी लिहिताना नेमके याच ठिकाणी बोट ठेविले होते. एका जरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध या योजनेचे सारे लाभ पदरात पडणार असतील, तर त्या लाभांचे मोल काय, असा त्यांच्या लेखाचा भाव होता. कायदा जी वस्तू तराजूतून काढून ठेवतो तीच त्यांनी तराजूत घातली.

आता आपल्या दप्तराकडे पाहू.

मावळा हा शब्द मराठी वाङ्मयात काही थोडाथोडका मिरविलेला नाही. शाहिरांच्या पोवाड्यांपासून हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीपर्यंत, आणि तेथून शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत, मावळा म्हणजे इमान, मावळा म्हणजे काटकपणा, मावळा म्हणजे स्वराज्याचा पाया, हे आम्हांस पाळण्यापासून शिकविले गेले. मुळशीच्या लढ्यातही या स्मृतीचा उपयोग झाला. ज्यांच्या पूर्वजांनी स्वराज्यासाठी रक्त सांडले त्यांची भूमी आज जाते आहे, असे आवाहन करण्यात आले आणि ते अयोग्य नव्हते. परंतु या आवाहनात एक गोम होती, ती आज शंभर वर्षांनी स्पष्ट दिसते. सतराव्या शतकातला मावळा आपल्या वाङ्मयाने डोक्यावर घेतला, विसाव्या शतकातला मावळा कोणत्या कर्जात बुडाला होता हे मात्र त्या वाङ्मयाने कधी विचारले नाही. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या सत्याग्रहाचा जो सांगोपांग अभ्यास केला आणि ज्याचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी हे दाखवून दिले आहे की मुळशी पेट्यातील पुष्कळशी जमीन सत्याग्रहाच्या वेळी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. तेव्हा मोबदला वाढवून मागण्यात हित कोणाचे? कसणाऱ्याचे, की कागदावर ज्याचे नाव त्याचे? जमीन गेली तर कसणाऱ्याचे सर्वस्व गेले. सावकाराचे मात्र एक अडचणीचे घेणे रोख होऊन घरी आले.

आणि हे सावकार कोण? ते कोणी परके राक्षस नव्हते. शनिवारी-सदाशिवातल्या वाड्यांत राहणारी, मुलांस कॉलेजात धाडणारी, पोवाडा ऐकून डोळे पुसणारी, ग्रंथसंग्रह बाळगणारी ती माणसे. या मासिकाचे वाचक ज्या वर्गातले, आम्ही ज्या वर्गातले, त्याच वर्गातली. मुळशीचे मराठी वाङ्मय का झाले नाही, याचे एक कारण येथे सापडते असे आमचे मत आहे. त्या काळच्या कादंबरीने प्रेमविवाह, विधवाविवाह, राजकीय कैद, कॉलेजातील ध्येयवाद, सर्व काही हाताळले. नामांकित कादंबऱ्यांच्या पंक्तीस मुळशी मात्र बसली नाही. ज्या विजेच्या दिव्याखाली कादंबरी लिहावयाची त्या दिव्याविषयी कादंबरी लिहिणे कठीण जाते! कोणी म्हणेल, हा आरोप फार ढोबळ झाला, लेखकास विषयाचे स्वातंत्र्य आहे. ते आहेच. पण एखाद्या पिढीच्या साऱ्याच लेखकांनी आपल्या स्वातंत्र्याचा उपयोग एकाच गोष्टीकडे पाठ फिरविण्यात केला, तर समीक्षकाने ती पाठ मोजावी की न मोजावी?

प्रत्यक्ष लढ्यात असलेल्यांनी लिहिले, हे खरे. विनायकराव भुस्कुटे यांचे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक १९६८ साली आले. सेनापती बापटांनीही पद्ये रचिली. पण भुस्कुट्यांच्या पुस्तकास यावयास चव्वेचाळीस वर्षे लागली, आणि तोवर वाचणारी पिढी बदलली होती. बापटांचे तुरुंगवास सर्वांनी आदराने आठवणीत ठेविले, ज्या कारणासाठी ते भोगले ते कारण मागे राहिले. चरित्रनायक मोठा झाला म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन लहान दिसू लागते, हा आपल्या चरित्रवाङ्मयाचा जुना दोष आहे.

येथे एक उलट उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातील जंगलखात्यावरचा आणि पाण्यावरचा मजकूर आज पुन्हा वाचावा. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे खत पावसाने वाहून खालच्या शेतात येत असे, गुरांस डोंगरात चारा मिळत असे. सरकारने जंगले राखीव करून शेतकऱ्याचा हा आधार तोडला, असे जोतीराव सांगतात. आणि त्याच पुस्तकात ते ताली-बंधारे बांधून पाणी जागच्या जागी मुरवावे, त्या कामी सरकारने आपले शिपाई व पोलीस लावावेत, असेही सुचवितात. म्हणजे हा मनुष्य बांधाच्या विरुद्ध नाही. पाणी अडवा, पण ते कोणाच्या शेतात मुरणार हे आधी सांगा, असा त्याचा रोख आहे. डोंगर, पाणी, गुरे, सारा, जात आणि विद्या ही एकाच दोरीत ओवलेली आहेत, हे पाहणारी नजर मराठी गद्यास इतक्या आधी लाभली होती. आपल्या ललित वाङ्मयाने तिचा वारसा घेतला नाही. त्याने डोंगर घेतला, आणि सारा सोडून दिला.

डोंगर घेतला, म्हणजे किती सुंदर घेतला हेही सांगितले पाहिजे. गोपाळ नीलकंठ दांडेकरांएवढे सह्याद्रीवर प्रेम दुसऱ्या मराठी लेखकाने क्वचितच केले असेल. 'माचीवरला बुधा' आम्ही किती वेळा वाचली याची गणती नाही. मुंबईचा संसार टाकून राजमाचीवर परतलेला तो वृद्ध, त्याची झाडे, त्याचे जनावरांशी बोलणे. मनुष्य आणि भूमी यांचे इतके निकटचे नाते मराठीत फार थोड्या ठिकाणी उतरले आहे. चोविसाव्या कलमाने जी नाखुषी मोजावयाची नाकारली तिचे मूळ कशात असते, हे बुधा वाचल्यावर कोणासही कळेल. तरीही आमच्या मनात एक खंत राहते. बुधाचा डोंगर काळाच्या बाहेर आहे. तेथे ऋतू येतात आणि जातात. इतिहास येत नाही, सरकार येत नाही, कंपनी येत नाही. आणि राजमाची हे तर असे ठिकाण की जेथून टाटांच्या शिरवत्याचे पाणी समोर पसरलेले दिसते!

त्यांच्याच 'पवनाकाठचा धोंडी'ची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९५५ ची ती कादंबरी. पवनेच्या काठचे, गडांच्या सावलीतले जुने इमानी जग तिच्यात आहे. पुढे १९७० च्या आसपास त्याच पवनेवर धरण झाले. पाणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांस आणि वस्तीस गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ते पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेस विरोध करण्यासाठी मावळचे शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर जमले असता पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. कादंबरीकारास हे आधी दिसावयास हवे होते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कादंबरीकार ज्योतिषी नसतो. म्हणणे एवढेच की, तो दिवस उजाडला तेव्हा पवनाकाठच्या माणसाविषयी आम्हां वाचकांपाशी जी प्रतिमा होती ती धोंडीची होती: निष्ठावंत, सोशिक, गडाशी बांधलेला. रस्ता अडवून पाण्याचा हक्क मागणारा मनुष्य त्या प्रतिमेत बसेना. पुष्कळांस तो मावळा वाटलाच नाही. रहदारीस अडथळा करणारा जमाव वाटला. वाङ्मयातील प्रेमळ चित्रेही अशी कधी कधी माणसाच्या आड येतात.

कोयनेचे उदाहरण तर नावापासूनच सुरू होते. जावळीचे खोरे शिवाजी महाराजांनी १६५६ साली घेतले हा इतिहास प्रत्येक मुलास पाठ असतो. त्या मुलुखातील कोयनेवर १९५० नंतर धरण बांधण्यात आले, गावे उठली, आणि जो जलाशय झाला त्यास नाव दिले शिवसागर. पाणी पुन्हा पश्चिमेकडेच, पोफळीच्या वीजगृहाकडे. उठलेली माणसे रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी चहूंकडे वाटली गेली, आणि त्यांच्या नातवंडांसही आपल्या हक्काच्या जमिनीसाठी मोर्चे काढावे लागले. नाव देणाऱ्यांचा हेतू निश्चितच आदराचा होता. पण राजाचे नाव पाण्यास आणि रयत पाण्याखाली, ही रचना एखाद्या कवीच्या लक्षात यावयास नको होती काय? पुढे त्याच परिसरात अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्रप्रकल्प झाला, २०१२ साली पश्चिम घाटाची काही वने जागतिक वारसा म्हणून गणली गेली त्यांत कोयनेचे वनही आले. वनाचे रक्षण व्हावे याविषयी दुमत नाही. वाघाचा पक्ष घेण्यास आम्ही तयार आहोत. परंतु आधी विजेसाठी आणि मग वनासाठी, दोन्ही वेळा उठावयाचे ते त्याच डोंगरकडेच्या माणसाने, आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजवावयाच्या त्या शहराने, हा क्रम काही केल्या मनातून जात नाही. जोतीरावांचा जंगलखात्यावरचा मजकूर जुना झालेला नाही.

या पार्श्वभूमीवर विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' वाचावी. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली, १९९२ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले. मुळशीपासून सत्तर वर्षांनी मराठी कादंबरीने धरणग्रस्त गाव आपल्या मध्यभागी आणले. लेखक स्वतः सरकारी अधिकारी, त्यामुळे कचेरी त्यांस आतून ठाऊक. आणि या कादंबरीचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, बुडणाऱ्या गावाच्या वर्णनापेक्षा कचेरीच्या वर्णनात आहे. धरण गाव एकदाच बुडविते. कागद ते रोज बुडवितो. दाखला, उतारा, नकाशा, सही, शिक्का, पुढची तारीख: या पायऱ्यांवर माणूस कसा झिजतो, त्याच्या भोवती दलाल आणि पुढारी कसे जमतात, आणि नव्या ठिकाणचे गावकरी त्यास उपरा म्हणून कसे लोटतात, हे मराठीत इतक्या विस्ताराने पूर्वी आले नव्हते. शीर्षकाची निवडही मार्मिक. झाडा म्हणजे हिशेब, झडती म्हणजे तपासणी; दोन्ही शब्द दप्तरातले, दोन्ही सत्तेच्या तोंडचे. वाचता वाचता ध्यानात येते की झडती कोणी कोणाची घ्यावयाची हा क्रमच लेखकाने उलटा करून ठेविला आहे.

दोष नाहीत असे नाही. प्रसंगांची गर्दी फार. एका आघाताचा नाद विरण्यापूर्वी दुसरा येतो, आणि शेवटी शेवटी वाचकाचे मन बधिर होऊ लागते. करुणेचाही अतिरेक होतो. परंतु हे दोष श्रीमंतीचे आहेत. सत्तर वर्षे जे साठून राहिले ते एकाच पुस्तकाच्या दारातून बाहेर पडू पाहते, मग रेटारेटी होणारच.

आमचा खरा प्रश्न थोडा निराळा आहे. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातील अशा पहिल्या कायद्यांत तो गणला जातो आणि त्याचे श्रेय आपण घ्यावे. जमिनीच्या बदल्यात जमीन, नवे गावठाण, नागरी सोयी, असे पुष्कळ काही त्यात आले. 'मोबदला' जाऊन 'पुनर्वसन' आले, हा शब्दातला बदल लहान नव्हे. तरीही हिशेबाचा आरंभ सातबाराच्या उताऱ्यापासूनच होतो. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याची नाखुषी तर सोडाच, त्याचे अस्तित्वही सिद्ध करावे लागते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांचे बलुते गावाच्या खळ्यावर होते. खळे गेले, बलुते कोणत्या कलमात मागावे? सह्याद्रीच्या या पट्ट्यात राहणारा कातकरी रानावर जगतो. रान त्याच्या नावावर नसते. नर्मदेच्या काठी, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे आली. तेथील कित्येक आदिवासी जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत होते ती सरकारी दप्तरी अतिक्रमण म्हणून लिहिलेली होती. आपल्या कादंबरीनेही दुःखाचा नायक शोधावयाचा तर बहुधा उताऱ्यावरचाच शोधिला. त्याच नंदुरबारच्या मुलखातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या संग्रहाकडे या दृष्टीने पाहावे. त्यातील 'स्टेज' ही कविता पुष्कळांच्या कानावर असेल: ज्यांचे दुःख ते व्यासपीठावर चढलेच नाहीत, आणि जे चढले ते त्यांचेच दुःख त्यांनाच समजावून सांगत राहिले, असा तिचा आशय. दुसऱ्याची कैफियत आपल्या सुरेख भाषेत मांडणाऱ्या सर्वांस ती लागू पडते. हा लेख लिहिणारे आम्हीही त्यांतून सुटत नाही.

मग उताऱ्यावर नाव नसलेल्यांचे स्वतःचे दप्तर कोठेच नाही काय? आहे, आणि तेही मुळशीतच आहे.

गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर आहे, आणि या कार्याची मुळे मुळशी तालुक्याच्या डोंगरवस्त्यांत आहेत. ज्या बायकांनी त्या गायिल्या त्यांतील बहुतेकींस लिहिता-वाचता येत नव्हते. पीठ गिरणीतून येऊ लागले तशी जाती थांबली. थांबता थांबता हे धन हाती लागले, हे आपले भाग्य. आमच्या साक्षेपी टीकाकारांनी या संग्रहाची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही. लोकवाङ्मय म्हणून एका कपाटात, समाजशास्त्र म्हणून दुसऱ्या कपाटात, आणि कविता म्हणून कोणत्याच कपाटात नाही, अशी त्याची स्थिती आहे.

या ओव्यांत पाऊस आहे, भाताची लावणी आहे, आई आहे, भाऊ आहे, आणि सीता आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या तर इतक्या की रामायणाची नायिका तीच वाटावी. पंडितांनी याचा अर्थ स्त्रीच्या सासुरवासाशी लाविला आहे व तो बरोबरच आहे. पण डोंगरातल्या बाईने घरातून काढून दिलेल्या सीतेविषयी इतक्या जिव्हाळ्याने गावे, तिला रानात कोणी थारा दिला, तिने अंथरले काय, पांघरले काय, याची बारकाईने चौकशी करावी, यात आम्हांस आणखीही काही ऐकू येते. घराबाहेर काढले जाण्याची भाषा या मुलखास ग्रंथांतून शिकावी लागली नाही.

आणि माहेर. ओवीचा हा सर्वांत मोठा विषय. मुळशीच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर जी गावे राहिली, त्यांतल्या सुना खालच्या गावांतून आलेल्या असावयाच्या. सोयरिकी डोंगर ओलांडून जात नाहीत, खोऱ्यातल्या खोऱ्यात होतात. पाणी चढले तेव्हा या बायकांचे काही गेले असे कोणत्याही कागदाने म्हटले नाही. जमीन त्यांची नव्हती, बापाची होती, आणि ती तरी बापाची कोठली, सावकाराची होती. घर त्यांचे नव्हते, भावाचे होते. सक्तीचे शेकडा १५ त्यांच्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे गेले ते माहेर. आणि माहेराचा सर्व्हे नंबर नसतो.

त्या बायका आज नाहीत. त्यांच्या नातसुनांनी गायिलेल्या ओव्या आहेत. मुळशीस जाणाऱ्या कुटुंबांनी जाण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी घरातल्या वडील बायकांस जवळ बसवून त्यांतल्या दहावीस मोठ्याने वाचाव्यात. आमच्या घरी गेल्या श्रावणात तसे केले. वाचन चालू असता आमच्या एका वृद्ध आत्याबाई मध्येच, कोणी न सांगता, आपल्या आईच्या तोंडची एक ओवी म्हणू लागल्या. दुसऱ्या चरणाशी अडल्या, आणि पुढचे काही केल्या त्यांस आठवेना.